कुलूपकाळ

मुहर्रकमध्ये रात्री साडेअकराला
खालची करक-चहाची टपरी शटर ओढते,
तेव्हा मी रस्टच्या कंपायलरला उठवते.
तो माझ्या थोरल्या आत्यासारखा आहे.
वाटी उसनी दिलीस? कुणाला? कुठवर?
आणि ती परत यायच्या आत
तू तिच्यात डाळ कशी भिजत घातलीस?
ओळ क्रमांकासकट, लाल अक्षरांत.

प्रत्येक वस्तूला एकच मालक.
दिलं म्हणजे गेलं, मागाहून हात लावायचा नाही.
बघायला हवं तर दहा जणांना दे,
बदलायला एकालाच, आणि तेव्हा बघणारे बाहेर.
बारा वर्षांत आखातात मी सह्या केल्या त्यात
इतका स्वच्छ करार दुसरा नव्हता.

काम असं :
कंपनीच्या माणसांची नाणी कुलपात ठेवायची.
पहिलं वर्ष काही नाही,
मग दर महिन्याला थोडी सुटी.
कुलपातल्या नाण्यांना बसून खायला नको,
म्हणून ती साखळीच्या राखणीला लावायची, स्टेकिंग.
परत हवी म्हटलं की चार फेऱ्या थांबायचं.

भागाकारात उरलेली कणी कुणाची,
यावर माझे तीन दिवस गेले.
चोविसाव्या दशांश स्थळावरची कणी.
ती साठ्यातच राहू द्यावी,
नाहीतर कुणीतरी लाख वेळा आत-बाहेर करून
कण्या वेचून पोतं भरील.

शुक्रवारी कासमभाई पेटकर येतात,
बाणकोटचे, हिद्दच्या गोदीत वेल्डर,
घरी पैसे पाठवायचं अ‍ॅप माझ्याकडून चालवून घेतात.
पडद्याकडे बघून म्हणाले, हे काय, मुदत ठेव?
तशीच काहीशी.
व्याज असेल तर मला सांगू नको.

मी त्यांना चाचणी दाखवली.
एका ओळीत घड्याळ चार वर्षं पुढे ढकललं,
डोळ्याचं पातं लवायच्या आत
सगळी नाणी मोकळी, सगळं हिरवं.
कासमभाई हसले नाहीत.
त्यांच्या बावीस वर्षांचा हिशेब
अकरा महिने ‘पुढच्या आठवड्यात’ आहे,
पासपोर्ट साहेबाच्या कपाटात.
आपल्याच गल्लीत, म्हणाले, मोती काढणारे राहायचे.
नाखवा आगाऊ रक्कम द्यायचा,
फिटली नाही की पुढचा हंगाम त्याचा.
त्याच्या वहीत काय लिहिलंय
ते बुडी मारणाऱ्याला वाचता येत नसे.

इथं वाचता येतं, मी म्हटलं. कुणालाही.
आणि एकदा वर चढवलं की
माझी किल्ली मीच पुसून टाकणार.
मालक नाही, साहेब नाही, मीसुद्धा नाही.

त्यांनी बशीत चहा ओतला.
आनि मानूस मधीच गेला तर?

मी रचना पुन्हा वाचली :
धनी, रक्कम, सुरुवात, मुदत.
पुढे महिरपी कंस बंद.
माणूस गेला, त्याची किल्ली गेली,
तर नाणी मोकळी होतात ठरल्या तारखेला
आणि मोकळीच पडून राहतात.

मॅनेजरला विचारलं.
तपशिलात नाही, त्याचं उत्तर आलं,
सोबत अंगठा.

मग तुझ्या कुलपापेक्षा आमचा साहेब बरा,
कासमभाई म्हणाले,
त्याच्या दाराशी निदान भांडता तरी येतं.

उद्या रात्री चढवायचं आहे.
दोनशे बाराव्या ओळीवर
दोन तिरप्या रेघा मारून मी लिहिलंय : वारस?
दोन तिरप्या रेघांपुढचं
कंपायलर वाचत नाही.

जाताना त्यांना आंबोळ्या बांधून दिल्या,
माझ्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यात.
जिन्यात त्यांच्या चपला तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू आल्या.
डबा कधी आणणार,
ते मी विचारलं नाही.